सभा कोण बोलावणार?

आमच्या सेक्टरमधल्या फूटपाथचे धडधाकट पेव्हर ब्लॉक उखडून नवे बसवले गेले, आणि त्याच वर्षी स्टेशनवरून गावठाणाकडे जाणारा रस्ता विजेच्या उच्चदाब वाहिनीखालच्या पट्ट्यात अंधारातच राहिला. हे कोणी ठरवलं, एवढाच माझा प्रश्न होता. नगरसेवकांकडे गेले तर ते म्हणाले, "ताई, अंदाजपत्रक प्रशासन करतं." विभाग कार्यालयात गेले तर तिथले साहेब म्हणाले, "मॅडम, आम्ही लोकप्रतिनिधींच्या मागणीप्रमाणे कामं घेतो." दोघंही नम्र, दोघांकडेही चहा. टोलवाटोलवी इतकी सफाईदार की जिना उतरल्यावर कळायचं, आपल्या हाती काहीच लागलेलं नाही.

मी एपीएमसीतल्या मसाला मार्केटमध्ये एका पेढीवर हिशेब लिहिते. राजकारणाशी संबंध मतदानापुरता. नवी मुंबईत ठाणे-वाशी लोकलच्या मार्गावरचा आमचा नोड, म्हणजे सेक्टरांची वसाहत, तिचं नाव मुद्दाम घेत नाही. ज्यांच्याशी वाद झाले ते रोज भाजी घेताना भेटतात. एका बाजूला सिडकोच्या इमारती आणि खासगी सोसायट्या, मध्ये नाला, पलीकडे जुनं आगरी-कोळी गावठाण आणि त्याला चिकटून भाड्याच्या खोल्यांच्या चाळी. मतदार एकाच प्रभागातले, पण नाल्याच्या अलीकडच्या माणसाला पलीकडच्या नळाची वेळ ठाऊक नसते.

क्षेत्रसभा, म्हणजे प्रभागातल्या एकेका भागातल्या मतदारांची सभा, हा प्रकार मला सांगितला आमच्याच इमारतीतल्या भाऊंनी. ते न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. कोणताही कागद आधी उलटा करून मागे काय लिहिलंय ते बघणार, मग वाचणार. त्यांनी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम काढला, तोच १९४९ चा, ज्याला पूर्वी मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम म्हणायचे, आणि म्हणाले, "तुम्ही विचारताय ते इथे लिहिलेलं आहे. कोणी वापरत नाही, एवढंच."

मला समजलं ते असं. १९९२ च्या दोन घटनादुरुस्त्यांपैकी ७३ व्या दुरुस्तीने खेड्यांतल्या ग्रामसभेला घटनेत स्थान दिलं. शहरांसाठीच्या ७४ व्या दुरुस्तीत तसं काही नाही. तिथे तीन लाखांवर लोकवस्तीच्या शहरांना प्रभाग समित्या दिल्या आणि त्यांची रचना राज्यांवर सोडली. आपल्याकडे कलम २९ अ प्रमाणे प्रभाग समितीत त्या हद्दीतले सगळे नगरसेवक बसतात, महापालिकेचा अधिकारी बसतो, आणि नगरसेवकांनीच नेमलेले सामाजिक संस्थांचे जास्तीत जास्त तीन जण. अंदाजपत्रकात तरतूद असेल तर पाच लाखांपर्यंतच्या कामाला ही समिती स्वतः मंजुरी देऊ शकते. म्हणजे अधिकार अगदीच नाहीत असं नाही. पण त्या समितीला लोकांचं म्हणणं कळवणार कोण?

त्याची सोय बऱ्याच उशिरा झाली, आणि तीही बाहेरच्या रेट्याने. २००५ च्या अखेरीस शहरांच्या सुधारणेसाठी केंद्राची जेएनएनयूआरएम योजना आली. बसगाड्या, पाण्याच्या आणि मलनिस्सारणाच्या वाहिन्या यांना तिच्यातून पैसा मिळणार होता, पण अटी होत्या. त्यातली एक, नागरिकांच्या सहभागाचा कायदा करा. म्हणून २००९ मध्ये राज्याने कलम २९ अ च्या पाठोपाठ क्षेत्रसभेची कलमं घातली. शेजारशेजारच्या दोन ते पाच मतदान केंद्रांचा भाग म्हणजे एक क्षेत्र. तिथला प्रत्येक नोंदलेला मतदार सभेचा सदस्य. अध्यक्ष नगरसेवक. कामांचा अग्रक्रम सुचवायचा, दिवे-नळ-शौचालयं कुठे हवीत ते सांगायचं, योजनांचे लाभार्थी तपासायचे. दोन वर्षांत किमान चार सभा घ्यायच्या, न घेणाऱ्याच्या पदावर गदा येऊ शकते. बसगाड्या आल्या, वाहिन्या आल्या. सभा मात्र राज्यातल्या बहुतेक शहरांत कागदावरच राहिली.

दिवे कुठे हवेत ते सांगायचं, हे वाचल्यावर मी हातातला कप खाली ठेवला. मला एवढंच तर सांगायचं होतं.

भाऊंच्या सल्ल्याने पहिला अर्ज माहिती अधिकाराचा. जोडपत्र अ, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत. दीडशे शब्दांची अट ऐकून मी वैतागले होते, पण तिचा फायदा झाला. कहाणी लिहिताच येत नाही, प्रश्नच विचारावे लागतात. आम्ही विचारलं: क्षेत्रं आखल्याची अधिसूचना, आजवर झालेल्या सभांच्या नोटिसा, इतिवृत्तं. उत्तर मुदतीत आलं. तिन्ही रकान्यांत एकच शब्द, निरंक.

वीस रुपयांचा स्टॅम्प लावून अपील केलं. अपिलाच्या सुनावणीतले अधिकारी मला मनापासून आवडले, कारण त्यांनी आडपडदा ठेवला नाही. म्हणाले, "मॅडम, नसलेला कागद मी कुठून देऊ? कुठल्या महापालिकेत रीतसर होत असतील तर सांगा, मी तिथलं परिपत्रक मागवतो." भाऊंनी शांतपणे विचारलं, "साहेब, कायदा आधी की परिपत्रक आधी?" साहेब हसले. आदेशात मात्र एक ओळ घातली: मागणीबाबत सचिव विभागाने उचित कार्यवाही करावी. ह्या 'उचित' शब्दावर पुढची बरीच पत्रं काढली.

दरम्यान आमचा एक गट तयार झाला. गट म्हणजे सोसायट्यांचे दोन-तीन सेक्रेटरी, सकाळी फिरायला जाणारे काही निवृत्त, एक कॉलेजची मुलगी, मी आणि भाऊ. सगळे नाल्याच्या अलीकडचे. पहिल्या बैठकीत चर्चा झाली ती पार्किंगची, भटक्या कुत्र्यांची आणि ओपन जिमची. अंधाऱ्या रस्त्याचा विषय मी काढला तेव्हा एक काका म्हणाले, "तो त्यांच्या बाजूचा प्रश्न आहे." काका तसे सज्जन गृहस्थ. पण सत्तेत वाटा मागणाऱ्यांनाही शेजाऱ्याला वाटा देताना किती जड जातं, ते त्या एका वाक्यात दिसलं.

मी गावठाणात गेले ती मासेवाल्या मावशींच्या ओळखीने. देवळाच्या ओट्यावर चार-पाच जुनी माणसं बसली होती. क्षेत्रसभा समजावून सांगायला मी कागद काढला, तर एक आजोबा म्हणाले, "म्हंजे ग्रामसभाच ना?" १९९२ साली महापालिका आली तोवर ह्या गावांच्या ग्रामपंचायती होत्या. सिडकोने जमिनी घेतल्या, गावठाणं तेवढी राहिली. मग पंचायतीही गेल्या, आणि ग्रामसभाही. आजोबा सांगत होते, "सरपंच उभा ऱ्हायचा, आन आमी बसून बोलायचो. आता आमी उभं ऱ्हातो." बाकीचे हसले. ग्रामसभेत तरी सगळं आलबेल होतं असं नाही. त्यांनीच पुढे सांगितलं की बायका मागे भिंतीला टेकून बसायच्या आणि त्यांना कोणी विचारायचं नाही. मावशी तिथेच होत्या. म्हणाल्या, "आता विचारणार असाल तर वेळ आमची धरा."

वेळेवरून सगळ्यात मोठं भांडण झालं. सेक्टरवाल्यांना रविवारी सकाळी अकरा सोयीचे. कोळणींचा रविवार म्हणजे आठवड्यातला सगळ्यात मोठा धंद्याचा दिवस, बुधवार-शुक्रवारही तसेच. सोमवारी आणि गुरुवारी मासळीला गिऱ्हाईक कमी, म्हणून त्यांना ते वार बरे. मुंबईला नोकरीला जाणाऱ्या बायका संध्याकाळी आठच्या आत घरी येत नाहीत. लाउडस्पीकर दहाला बंद. हे सगळं एका कागदावर मांडलं तेव्हा उरला तो गुरुवार, सव्वाआठ ते दहा. आमच्या एका सेक्रेटरींनी दत्ताच्या आरतीचं कारण काढून विरोध केला. शेवटी आरती पावणेआठला उरकायचं ठरलं.

दुसरं किचकट काम मतदान केंद्रांचं. कायदा म्हणतो दोन ते पाच केंद्रं मिळून एक क्षेत्र. पण केंद्राची हद्द जमिनीवर कुठे रंगवलेली नसते, ती मतदार यादीच्या भागात असते. आम्ही यादीचे भाग छापून घेतले, पेढीवरच्या लांब हिशेबवहीत डावीकडे भाग क्रमांक, उजवीकडे इमारत किंवा चाळ असं लिहीत गेलो. कॉलेजच्या मुलीने भिंतीवरच्या नकाशावर रंगीत पेन्सिलींनी भाग रंगवले. तेव्हा लक्षात आलं की आमच्या इमारतीतली दोन जिन्यांची माणसं वेगवेगळ्या केंद्रांत आहेत, आणि नाल्यापलीकडच्या चाळींतली बरीच माणसं कुठल्याच भागात नाहीत. त्यांचं मत सातारा-सांगलीकडच्या गावी. राहणं इथे, पाणी इथलं, अंधारही इथला, पण कायद्याने ती सभेची सदस्य नाहीत. त्यातल्या काहींनी त्यानंतर नाव इथे आणून घेतलं. बाकीच्यांसाठी आम्ही आपसांत ठरवलं, हात वर करायला सदस्य, बोलायला सगळे. ह्याला कायद्याचा आधार आहे का, असं भाऊंना विचारलं तर म्हणाले, "मनाई कुठे आहे?"

नकाशा घेऊन आम्ही तेव्हाच्या नगरसेवकांकडे गेलो. त्यांनी तो लक्षपूर्वक बघितला, विशेषतः कुठल्या इमारतीत किती मतं ते. सभेबद्दल म्हणाले, "मी रोज सकाळी ऑफिसात बसतो, लोक येतात, कामं होतात. सभा घेऊन आरडाओरडाच होणार." खोटं नव्हतं ते. त्यांच्या ऑफिसात खरंच रोज गर्दी असे. पण तिथे प्रत्येक जण एकेकटा जातो, आपलं काम सांगतो आणि उपकार घेऊन येतो. शेजाऱ्यादेखत मागणी करायची, शेजाऱ्याचीही ऐकायची आणि कोणतं आधी ते ठरवायचं, हा प्रकार त्यात बसत नाही. आणि लिहून काही ठेवलं जात नाही.

सभेची तारीख मिळेल मिळेल म्हणत असतानाच करोना आला. एप्रिल २०२० ची निवडणूक पुढे गेली, मे मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि प्रशासक बसले. पुढे ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, न्यायालयातल्या तारखा असं करत करत राज्यभरातल्या महापालिका निवडणुका रखडल्या. आमच्याकडे हा काळ पावणेसहा वर्षांच्या आसपास गेला. प्रशासकाच्या राज्यात महासभेचे अधिकारही आयुक्तांकडे, स्थायी समितीचेही आयुक्तांकडे. प्रस्ताव पाठवणारे तेच आणि मंजूर करणारेही तेच. रस्ते झाडले गेले, पाणी आलं, तक्रारीच्या ॲपवर फोटो टाकला की खड्डाही बुजायचा. म्हणून पुष्कळ लोक म्हणायला लागले, नगरसेवक नसले तरी काय अडतंय? आमच्याच गटातले दोघं ह्या मताचे झाले आणि बाहेर पडले. मला ते पटलं नाही. खड्डा बुजवणं आणि खड्डा आधी की दिवा आधी हे ठरवणं, ही दोन वेगळी कामं आहेत. दुसरं काम अख्ख्या शहरासाठी एका केबिनमध्ये होत होतं, आणि अंदाजपत्रक होतं काही हजार कोटींचं.

क्षेत्रसभेचं पत्र प्रशासकांच्या कार्यालयाला दिलं तर उत्तर आलं की अध्यक्षस्थानी नगरसेवक असण्याची तरतूद असल्याने, नगरसेवक अस्तित्वात नसताना सभा घेता येणार नाही. कायद्याच्या अक्षराने बरोबरच. निवडणूक थांबली की घटनेने दिलेली वरची पायरीही गेली आणि २००९ ची खालचीही.

मग आम्हीच सभा घेतल्या. नाव दिलं नागरिक सभा, क्षेत्रसभा म्हणायचा अधिकार आम्हाला नव्हता. पण सगळं रीतसर. सात दिवस आधी नोटीस, समाजमंदिराच्या दारावर, देवळाच्या खांबावर, सोसायट्यांच्या लिफ्टमध्ये. हजेरीचं रजिस्टर. विषयपत्रिका. इतिवृत्त सभेतच मोठ्याने वाचायचं आणि मग सह्या. पहिल्या सभेला माणसं कमी आणि तक्रारी जास्त होत्या. एकाने तर सोसायटीच्या गळक्या टाकीचा विषय काढला. हळूहळू लोकांना कळायला लागलं की इथे ओरडून काम होत नाही, ठराव मांडावा लागतो आणि शेजाऱ्याला तो पटवावा लागतो. 'त्यांच्या बाजूचा प्रश्न' म्हणणारे काका एका गुरुवारी मावशींबरोबर त्या अंधाऱ्या पट्ट्यातून चालत आले, पाटीवरून पाणी गळत होतं, मोबाइलची बॅटरी काकांच्या हातात. पुढच्या सभेत दिव्यांचा ठराव त्यांनीच मांडला. इतिवृत्ताची प्रत दर वेळी विभाग कार्यालयात द्यायची, शिक्क्यासह पोच घ्यायची. आवक खात्यातल्या बाई सुरुवातीला विचारायच्या, "हे कशात फाइल करू?" नंतर त्यांनीच आमच्यासाठी एक वेगळी फाइल केली. एवढ्या सगळ्या वर्षांत सत्तेने आमच्यासाठी केलेली पहिली जागा ती.

सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये निवडणुका घ्या असं बजावलं, पुढे ३१ जानेवारी २०२६ ची मुदत घातली, आणि १५ जानेवारी २०२६ ला मतदान ठरलं. आता नवीनच घोळ. आमच्याकडे आधी १११ जागा म्हणजे १११ प्रभाग होते, एकाला एक. ह्या वेळी बहुसदस्य पद्धत आली: जागा तितक्याच, पण प्रभाग २८, बहुतेकांत चार-चार नगरसेवक. मतदाराने चार मतं द्यायची. आमच्या रंगवलेल्या नकाशाची हद्दच बदलली, ते काम पुन्हा केलं. पण खरा पेच दुसराच होता. चौघं अध्यक्ष असले तर सभा बोलावणार कोण? एकाचं नाव घेतलं की तो दुसऱ्याकडे बोट दाखवणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

म्हणून प्रचाराच्या काळात आम्ही एक पानी हमीपत्र केलं. सहा महिन्यांत पहिली क्षेत्रसभा. प्रभागातली मतदान केंद्रं चौघांनी वाटून घ्यायची आणि कोणाकडे कुठलं क्षेत्र ते लेखी जाहीर करायचं. सात दिवसांची नोटीस, सभेतच इतिवृत्त, आणि त्यावर प्रभाग समितीत काय झालं ते पुढच्या सभेत सांगायचं. शेवटचा मुद्दा होता समितीतल्या तीन नेमलेल्या जागांपैकी एक गावठाण किंवा चाळीतल्या महिलांच्या संस्थेला देण्याचा. ह्या शेवटच्या मुद्द्यावर गटातच जुंपली. ज्येष्ठ नागरिक संघाला वाटत होतं, इतकी वर्षं बैठका आम्ही भरवल्या, तर जागा आमची. त्यांनी कष्ट केले होते हे खरं, पण त्या समितीत सेक्टरच्या बाजूने बोलणारे नगरसेवक आधीच असणार होते. मत घेतलं, मुद्दा थोडक्यात टिकला. दोन जणांनी सही करायला नकार दिला आणि महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

उमेदवारांकडे फिरणं हा एक स्वतंत्रच अनुभव. सह्या तशा सहज मिळाल्या. निवडणुकीत सही स्वस्त असते. मजा होती ती खाडाखोडीत. एकाने 'सहा महिन्यांत' खोडून 'शक्य तितक्या लवकर' लिहिलं. एकाने पॅनेलमधल्या चौघांच्या वतीने एकट्यानेच सही ठोकली, बाकीच्या तिघांना पत्ता नव्हता. एका ताईंनी कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "सभेत मला उत्तर आलं नाही तर?" आम्ही म्हटलं, 'माहिती घेऊन पुढच्या सभेत सांगते' असं म्हणा आणि तसं इतिवृत्तात लिहू द्या. त्यांनी काही न खोडता सही केली. पद जाण्याच्या कलमाचा उल्लेख आम्ही आधी ठळक टाकला होता, भाऊंनी तो काढायला लावला. त्यांचं म्हणणं, धमकी वाचून माणूस वकील शोधतो, तारीख देत नाही. माझाही अनुभव तोच आहे. त्या कलमाने आजवर आमच्यासाठी एकही सभा झालेली नाही. रंगवलेला नकाशा आणि तयार विषयपत्रिका यांनी झाली.

निकालानंतर हमीपत्रांच्या प्रती, नवा नकाशा आणि केंद्रांचे चार गट असं पत्र चौघांनाही आणि विभाग कार्यालयालाही दिलं. दोघांनी पोच दिली. त्या ताई निवडून आल्या होत्या, आणि शाळांच्या परीक्षा संपल्यावर त्यांच्या क्षेत्राची नोटीस निघाली. विभाग कार्यालयाच्या लेटरहेडवर, जावक क्रमांकासह. भाऊ ती नोटीस समाजमंदिराच्या दारावर उलटी करून बघायला गेले, पण ती चिकटवलेली होती.

गुरुवार, सव्वाआठ. खुर्च्या कमी पडल्या म्हणून गावठाणातल्या बायकांनी सतरंज्या आणल्या. ताईंचे यजमान पुढच्या खुर्चीत बसले होते आणि माइक त्यांनीच घेतला. स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांच्या झाल्या तरी हे दृश्य काही नवं नाही. त्यांनी 'नमस्कार' म्हटलं आणि मावशी खाली बसूनच म्हणाल्या, "दादा, अध्यक्ष कोण हाय?" सभागृहात खसखस पिकली. दादांनी एकदा बायकोकडे बघितलं, माइक तिच्या हातात दिला आणि उरलेला वेळ दाराशी उभे राहिले. ताईंचा आवाज पहिली पाच मिनिटं कापत होता.

कामांची यादी फळ्यावर लिहिली. पावसाआधी नाल्यातला गाळ, अंधाऱ्या पट्ट्यात दिवे, सेक्टरमध्ये पार्किंगच्या रेषा, बागेत जिम, चाळीच्या टोकाला सार्वजनिक शौचालयाची दुरुस्ती. प्रत्येकासाठी हात वर. गाळ पहिला आला, दिवे दुसरे. नाल्याचा वास दोन्ही बाजूंना सारखाच येतो, त्यामुळे ह्यात नवल नाही. दिव्यांच्या बाबतीत कनिष्ठ अभियंत्यांनी पहिल्यांदाच खरं कारण सांगितलं: वाहिनीपासून ठरलेलं अंतर सोडावं लागतं, नेहमीच्या उंचीचे खांब तिथे चालणार नाहीत. इतकी वर्षं आम्हाला 'प्रस्तावित आहे' एवढंच कळवलं जात होतं. मग चाळीतला एक इलेक्ट्रिशियन, ज्याचं मत अजून गावालाच आहे, उठून म्हणाला की रस्त्याच्या पलीकडच्या कुंपणभिंतीच्या कडेने बुटके खांब बसतील. अभियंत्यांनी वहीत टिपून घेतलं. इतिवृत्तात ती सूचना त्याच्या नावाने लिहिली गेली, सदस्य नसताना.

त्यानंतरची गाडी पुन्हा कागदावर आली. बुटक्या खांबांचं अंदाजपत्रक पाच लाखांच्या आत बसवता येतं, म्हणजे प्रभाग समितीच मंजूर करू शकते. पण समितीला मंजुरी देता येते ती तरतूद असेल तरच, आणि वर्षाचं अंदाजपत्रक आमच्या सभेच्या आधीच झालं होतं. गाळ निघाला, तो दरवर्षीच्या कामात येतो. दिवे पुढच्या वर्षासाठी सुचवले आहेत. क्षेत्रसभेचं वेळापत्रक अंदाजपत्रकाशी जोडलं नाही तर तिचं म्हणणं दरवर्षी उशिरा पोहोचणार, हे कायदा वाचून लक्षात आलं नव्हतं. आता दुसरी सभा दिवाळीच्या आगेमागे मागितली आहे, म्हणजे मागण्या आयुक्तांचा आराखडा बनण्याआधी पोहोचतील.

तीन नेमलेल्या जागांचं म्हणाल तर गावठाणातल्या महिलांचा बचत गट पहिल्याच फेरीत बाद झाला, कारण संस्था म्हणून नोंदणीचं प्रमाणपत्र नव्हतं. जागा ज्यांना मिळाल्या त्यांच्याकडे प्रमाणपत्रं होती आणि प्रचारात त्यांच्या गाड्याही होत्या. मावशींनी आता महिला मंडळाची नोंदणी करायला घेतली आहे. नियमावली लिहिताना सभेचा वार गुरुवार असा घातला आहे, तो कशाला, असं नोंदणी करून देणाऱ्याने विचारलं म्हणे.

चौघांपैकी आणखी एकाने सभा घेतली, बरी झाली, थोडी भाषणबाजी. उरलेल्या दोघांना त्यांच्या केंद्रांची यादी आणि नकाशा पुन्हा दिलाय. त्यातल्या एकांचा निरोप आला, "तुम्हीच नोटीस छापून वाटा, मी येतो." गटातले बरेच जण तयारही झाले, एवढ्यावर अडून कशाला बसायचं म्हणून. भाऊंनी साफ नकार दिला. नोटीस कार्यालयातून, नगरसेवकांच्या सहीने आणि जावक क्रमांकानेच निघाली पाहिजे, नाहीतर ती आमची सभा आणि ते पाहुणे, असं त्यांचं म्हणणं. ह्या बाबतीत मी भाऊंच्या बाजूची आहे. निरोपाचं उत्तर लेखी दिलंय, पोच घेतली आहे.